भोपळ्याच्या पोटातला गंधार

तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमात लावतात, मधल्या दोन षड्जात (त्यांना जोडाच्या तारा म्हणतात) आणि शेवटची जाड पितळी तार खालच्या सप्तकातल्या षड्जात, म्हणजे खर्जात. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. झाला तंबोरा. यात गंधार कुठे आहे? कुठेच नाही. गंधाराची तार नाही, बोट ठेवायला पडदे नाहीत. वाजवणारा तार दाबत नाही, ओढत नाही; एकेक तार बोटानं अलगद मोकळी सोडतो, एवढंच. आणि तरीही नीट जुळवलेल्या तंबोऱ्याशेजारी पाच मिनिटं बसून पाहा. खर्जाची तार सुटते, तिचा गंभीर नाद खोलीभर पसरतो, आणि त्या नादातूनच एक स्वच्छ, गोड गंधार हळूच वर येतो. कुणीही न वाजवलेला!

गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू यायला लागला की तंबोरा लागला असं समजायचं.

आधी याचा हिशेब पाहू, कारण हा हिशेबच थक्क करणारा आहे. समजा, एका गायकाचा षड्ज काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीवर आहे. मग त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ वेळा थरथरते. पण तार एकाच कामावर थांबत नाही. ती अख्खी हलत असतानाच दोन अर्ध्या भागांतही हलते, तीन भागांतही, चार भागांतही, पाच भागांतही; आणि हे सगळं एकाच वेळी, त्याच एका तारेवर. दोन भागांतलं थरथरणं वरचा षड्ज देतं. तीन भागांतलं पंचम देतं. चार भागांतलं तार सप्तकातला षड्ज. आणि पाच भागांतलं? सेकंदाला सुमारे ३४६ कंपनं. काळी एकच्या षड्जाला धरून मोजा, हा तंतोतंत गंधार येतो. पुढे मोजत गेलात तर नऊ भागांत ऋषभ सापडतो. पंचमाच्या तारेचे तीन भाग केले तरी ऋषभच निघतो. आणि सात भागांत असा एक निषाद दडलेला आहे, जो कोमल निषादापेक्षाही किंचित उतरलेला असतो आणि हार्मोनियमच्या कुठल्याही पट्टीवर मिळत नाही.

चार तारा, दोनच स्वर, आणि त्यांच्या आत एवढी गर्दी!

पण थांबा. तार अशी तुकड्यातुकड्यांत हलते ती जगातल्या प्रत्येक तंतुवाद्यावर. गिटारची तारही तशीच हलते, व्हायोलिनचीही. मग गिटारची तार छेडल्यावर गंधार असा समोर येऊन उभा का राहत नाही? तिथेही तो असतो, पण इतका दबलेला की मूळ स्वरात विरघळून जातो. तंबोऱ्यात असं काय आहे, की जे इतर वाद्यांत दबून राहतं ते इथे उठून बोलायला लागतं?

त्याचं उत्तर कारागिराच्या हातात आहे. ते हात पाहायचे तर मिरजेला जायला हवं.

सांगलीला खेटून असलेलं हे गाव बहुतेकांना दोन गोष्टींसाठी माहीत असतं. एक तर रेल्वे जंक्शन. रुंद, मीटर आणि अरुंद, अशा तिन्ही मापांचे रूळ एकाच स्थानकात असण्याचा मान मिरजेनं काही काळ मिरवला आहे. दुसरे तिथले दवाखाने. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं आणि तेव्हापासून महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरची माणसं उपचाराला मिरजेकडेच धाव घेत आली. पण जुन्या मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यापासून फार लांब नाही, अशी एक वस्ती आहे जिथे दारात वाळत घातलेले प्रचंड भोपळे दिसतात आणि घराघरांतून कानशीचा आवाज येतो. ही सतारमेकर गल्ली. भारतातल्या मोठमोठ्या मैफलींत गवयाच्या मागे जे तंबोरे उभे असतात, त्यांतले कितीतरी या गल्लीतून आणि तिच्या आसपासच्या कारखान्यांतून निघालेले असतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला वेगवेगळं भौगोलिक मानांकन मिळालं. नागपूरच्या संत्र्याला मिळतं तसं, पण इथे मानांकन आहे ते नादाला!

तंबोऱ्याची सुरुवात मात्र मिरजेत होत नाही. ती होते शेतात, भीमेच्या काठी, सोलापूर जिल्ह्यात. पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या पट्ट्यात हा भोपळा पिकतो. आपण ज्याची भाजी आणि हलवा करतो त्या दुधी भोपळ्याचाच हा जातभाई; वनस्पतिशास्त्राच्या लेखी दोघांची जात एकच. पण हा कडू. खाण्यासाठी त्याचा उपयोग शून्य, आणि म्हणूनच तो वेलावर पुरता जून होईपर्यंत टिकतो. माणसानं अगदी पहिल्यांदा लागवडीखाली आणलेल्या वनस्पतींमध्ये या भोपळ्याचं नाव आहे. मातीची भांडी घडवायला शिकण्याच्याही आधी माणूस याच्या कवचात पाणी भरून नेत होता. नंतर कधीतरी कुणीतरी त्याच रिकाम्या कवचावर तार ताणली असणार. त्या अनामिक माणसाला माझा दंडवत.

भोपळाच का? लाकूड कोरून का नाही? कोरतातही. तंजावरकडचा तंबुरा फणसाच्या लाकडातून कोरलेला असतो आणि त्याचा नादही सुंदर असतो. पण भोपळ्याची गोष्ट वेगळी. वाळलेलं कवच दगडासारखं कठीण आणि उचलाल तर आश्चर्य वाटावं इतकं हलकं. त्याला सांधा नाही, जोड नाही, कोपरा नाही. चहूबाजूंनी वळत गेलेली एकसंध भिंत, आणि आत मोठी पोकळी. नाद घुमवायला याहून चांगली खोली कुठला सुतार बांधील?

मात्र ही खोली शेतकऱ्यानं नीट वाढवायला हवी. फळ एका कुशीवर कलून वाढलं की गोलाई बिघडते. अवकाळी पाऊस झाला की साल डागाळते, कुजते. फळ उन्हात संथपणे, पुरतं वाळावं लागतं. मोठ्यात मोठे भोपळे मर्दानी तंबोऱ्यांसाठी वेगळे काढतात, कारण खर्ज जितका खोल तितकी त्याला पोकळी मोठी लागते. बायकांचा षड्ज काळी चार, काळी पाचच्या आसपास असतो, म्हणून जनानी तंबोऱ्याचा भोपळा लहान. एका शेतात उगवलेल्या फळांपैकी कुठलं किराणा घराण्याच्या गवयाकडे जाणार आणि कुठलं एखाद्या मुलीच्या पहिल्या रियाजाला, हे निम्मं तिथेच ठरतं.

मिरजेत आलेला भोपळा आधी पाण्यात भिजत पडतो. भिजून तो मऊ झाला की तोंड कापतात, आतला वाळका गर आणि बिया खरवडून काढतात, आणि मग आत बांबूच्या कामट्या आडव्यातिडव्या ताणून बसवतात. या कामट्या कवचाला आतून रेटा देतात आणि भोपळा पुन्हा वाळताना हव्या त्या आकारात घट्ट होतो. निसर्गानं दिलेला आकार, त्याला माणसाचा थोडासा आग्रह. त्यानंतर लाकडाचा गळा, त्याला जोडलेली आतून पोकळ दांडी, आणि भोपळ्याच्या तोंडावर पातळ, किंचित फुगीर लाकडी तबली. लाकूड बहुधा तून या झाडाचं, चांगलं मुरलेलं. भोपळा आणि लाकूड जिथे मिळतात तो सांधा झाकायला कोरीव पानं बसवतात. ती शोभेची वाटतात, पण सांध्यालाही धरून ठेवतात.

तबलीचं काम नाजूक. नुसती तार हवेत हलली तर तिचा आवाज शेजारच्यालाही धड ऐकू जाणार नाही. एवढीशी बारीक वस्तू हवेला कितीशी ढकलणार? तार आपलं थरथरणं ती ज्यावर टेकते त्या घोडीला देते, घोडी तबलीला, आणि तबली आपल्या सगळ्या अंगानं हवा हलवते. तबली जाड राहिली तर नाद कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणानं बसते. मधली जागा कारागीर बोटानं टकटक करून शोधतो. रंधा मारायचा, टकटक ऐकायची, पुन्हा रंधा. हे माप कुठल्या पट्टीवर लिहिलेलं नाही. ते कानात आहे.

आणि आता या गल्लीचा पूर्वेतिहास ऐका. ही कारागीर घराणी मुळात वाद्यं करणारी नव्हतीच. ती शिकलगार होती. तलवारींना धार लावणारी!

मिरज ही पटवर्धन सरदारांची जहागीर, भुईकोट किल्ल्याचं गाव. जिथे सरदार तिथे फौज, जिथे फौज तिथे शस्त्रं, आणि जिथे शस्त्रं तिथे शिकलगार. पण १८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांचा अंमल बसला. संस्थानं राहिली, पण लढाया संपल्या. हातात हुन्नर आहे आणि काम नाही, अशा वेळी माणसानं काय करायचं? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि मोहद्दीन या शिकलगार भावांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि त्यातून वाद्यं घडवायला सुरुवात केली, अशी मिरजेची परंपरा सांगते. संस्थानाला गाण्याची आवड होती, गवयांची ये-जा होती, वाद्यं बिघडत होती. पटवर्धनांचा आश्रय मिळाला. पिढ्या पुढे सरकल्या, आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. हे आडनाव आज मिरजेत अभिमानानं लावलं जातं.

तलवारी सोडून तंबोरे! केवढी मोठी उडी, असं प्रथम वाटतं. पण जितका याचा विचार करावा तितकी ही उडी मला लहान वाटत जाते. धार लावणाऱ्याला काय येत असतं? पोलादाच्या पात्यावरचा उतार. पातं कुठून वळायला लागतं, किती हळूहळू पातळ होत जातं, केसाएवढं जास्त घासलं तर काय बिघडतं, हे त्याच्या बोटांना समजतं. डोळ्यांना जो फरक दिसत नाही तो त्याच्या हाताला लागतो. आणि तंबोऱ्याच्या आवाजाचं सगळं रहस्य नेमकं अशाच एका उतारात आहे.

तो उतार म्हणजे जवारी.

तबलीवर मधोमध घोडी बसवलेली असते. तारा तिच्यावरून जातात. गिटारची किंवा व्हायोलिनची घोडी वर निमुळती असते. तार तिथे एका कडेवर टेकते आणि तिथून तिचं हलणं सुरू होतं. तंबोऱ्याची घोडी अशी नाही. ती रुंद, चांगली दोन बोटं, आणि वरून सपाट दिसणारी. पूर्वी ती सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची असे, आता हाडाची किंवा कृत्रिम द्रव्याची असते. दिसायला सपाट, पण तशी नाही. तिला अगदी मंद उतार दिलेला असतो, इतका मंद की मिलिमीटरच्याही लहानशा अंशात मोजावा लागेल. तार त्या उतारावर जवळजवळ निजलेली असते. जवळजवळ, पण पूर्ण नाही.

आता तार छेडा. ती खाली येते तेव्हा उताराचा थोडा भाग तिच्याखाली झाकला जातो, वर जाते तेव्हा उघडा पडतो. म्हणजे तार जिथून सुरू होते ती जागाच प्रत्येक हेलकाव्याला पुढे-मागे सरकत राहते. दर वेळी तार घोडीला निसटता स्पर्श करते. लहानपणी सायकलच्या चाकाच्या आऱ्यांत पत्त्याचं पान अडकवलं आहे का? चाक फिरलं की प्रत्येक आरा पानाला टिचकी मारतो आणि त्या टिचक्यांचाच एक झणझणता स्वर होतो. खर्जाची तार घोडीला अशाच टिचक्या मारते, सेकंदाला ६९ वेळा. प्रत्येक टिचकीसरशी तारेच्या मोठ्या हेलकाव्यातली थोडी शक्ती काढली जाते आणि लहानलहान तुकड्यांच्या थरथरण्याला दिली जाते. जे भाग इतर वाद्यांत उपाशी राहतात, त्यांना इथे सतत खुराक मिळतो. पाचव्या भागालाही मिळतो. आणि गंधार बोलायला लागतो.

हेलकावा जसजसा लहान होत जातो तसा तार आणि घोडी यांचा संबंधही बदलत जातो. म्हणून तंबोऱ्याचा नाद छेडल्याक्षणी जसा असतो तसा राहत नाही. तो उमलतो. एकाच तारेच्या एकाच छेडीत वेगवेगळे स्वर पुढे येतात आणि मागे सरतात, आणि तोवर पुढची तार छेडली गेलेली असते. चार तारांचे असे उमलणारे नाद एकमेकांत गुंफले की तो झंकार तुटतच नाही. कोणती तार कधी छेडली, हेसुद्धा कळेनासं होतं.

पण अजून दोरा राहिला! तार आणि घोडी यांच्यामध्ये एक साधा सुती दोरा घातलेला असतो. नुसत्या घोडीवर तार मुकी वाटते. हा दोरा घालून हळूहळू सरकवत नेला की एका जागी अचानक तार उघडते, झणकारून उठते. एक केसभर पुढे गेलात, आवाज कर्कश. एक केसभर मागे, आवाज पुन्हा बंद. मैफलीआधी गवई तंबोऱ्यावर वाकून काहीतरी चिमटीत धरून सरकवत असतात ना, ते हेच. साऱ्या वाद्यातली सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे हा दोरा, आणि तो नसेल तर गंधार नाही.

आता सांगा, ही करामत कुणी शोधली? नाव कुणाचंच नाही. कोणी समीकरण मांडलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घासत, ऐकत, पुन्हा घासत ती सापडवली. आणि शास्त्राला जेव्हा ही गोष्ट पहिल्यांदा समोर दिसली तेव्हा शास्त्र चकित झालं. चकित होणारा माणूसही साधा नव्हता. तो होता चंद्रशेखर व्यंकट रामन.

१९२१ साली कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये काम करत असताना रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक शोधनिबंध लिहिला. त्या काळी तारांबाबत एक नियम पक्का मानला जात होता, थॉमस यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावानं ओळखला जाणारा. तो सांगतो की तार जिथे छेडली, त्या बिंदूपाशी ज्या भागांचं थरथरणं शून्य असतं ते भाग आवाजात येणारच नाहीत. तार बरोबर मध्यावर छेडली तर दोन भागांतलं थरथरणं ऐकू येता कामा नये, कारण दोन भागांचा सांधा नेमका तिथेच असतो. नियम सोपा, सिद्ध झालेला, युरोपातल्या वाद्यांवर तपासलेला. रामन यांनी तंबोरा तपासला, आणि जे स्वर नियमानुसार गैरहजर असायला हवेत ते तिथे हजर होते. नुसते हजर नाहीत, जोरकस! कारण नियमानं तारेचं टोक एका जागी पक्कं बांधलेलं गृहीत धरलं होतं, आणि आपल्या जवारीनं नेमकं तेच टोक मोकळं सोडलं होतं. त्याच वर्षी बोटीनं विलायतेला जाताना भूमध्य समुद्राच्या निळाईनं रामन यांना भुरळ घातली, त्यातून पुढे प्रकाशाचं संशोधन झालं आणि १९३० चं नोबेल आलं. निळाईची ती गोष्ट शाळेत सगळ्यांना सांगतात. तंबोऱ्याचीही सांगावी.

हात झाले, शेत झालं, शास्त्र झालं. पण एक गोष्ट राहिली आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. जवारी बरोबर जमली की नाही, हे ठरवणार कोण? कारागिराच्या गल्लीबाहेर ज्याचे कान त्याच्याइतकेच तिखट आहेत असा कोणी तरी हवा. नाहीतर उत्तम तंबोरा आणि बरा तंबोरा यांतला फरक कुणाला कळणार? आणि मिरजेला असे कान भरभरून मिळाले.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे त्यातलं मोठं नाव. ग्वाल्हेरला जाऊन त्यांनी तिथली गायकी कष्टानं मिळवली आणि महाराष्ट्रात आणली. त्यांनी काही वर्षं मिरजेत शिकवलं. त्याच सुमारास कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचा मुलगा मिरजेला आला, तोही गाण्यासाठी नव्हे. दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याची दारू उडून त्याचे डोळे अधू झाले होते आणि मिरजेत उपचार चालू होते. दृष्टी पूर्ण परत येईना. शाळा सुटली. तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टर भडभड्यांनीच मुलाचा गळा ओळखला आणि त्याला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला लावा, असं सुचवलं. संस्थानिक बाळासाहेब पटवर्धनांनी राहण्या-जेवणाचा भार उचलला. तो मुलगा म्हणजे विष्णू दिगंबर पलुस्कर. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं दरबारातून बाहेर काढून पोरासोरांच्या वर्गात नेणारी ती संस्था. विनायकबुवा पटवर्धन आणि बी. आर. देवधर हे त्यांचे दोन मोठे शिष्य, दोघांचाही जन्म मिरजेचा. देवधरांकडे पुढे कुमार गंधर्व शिकले. डोळ्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टराच्या शब्दातून केवढं झाड फुटलं पाहा!

आणि मग अब्दुल करीम खाँ. उत्तर हिंदुस्थानातल्या कैरान्याचे, १८७२ चा जन्म, बडोद्याचा दरबार पाहून दक्षिणेकडे आलेले. ते आजारी असताना मिरजेला आले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात बरे झाले आणि इथेच जीव जडला, अशी आठवण गावात सांगतात. त्यांची मुलगी, म्हणजे पुढच्या हिराबाई बडोदेकर, १९०५ मध्ये मिरजेतच जन्मल्या. खाँसाहेबांच्या किराणा घराण्याचं गाणं म्हणजे स्वराचं गाणं. एकेक स्वर त्याच्या नेमक्या जागी, थेंबाथेंबानं. अशा गाण्याला मागे तंबोरा कसा लागेल? जरासा बेसूर असून कसा चालेल? खाँसाहेब वाद्यदुरुस्तीत स्वतः तरबेज होते आणि आपल्या तंबोऱ्यांची जवारी स्वतः जमवत, असं सांगतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींची, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांची, मोजदाद करत होते तेव्हा त्यांच्या प्रयोगांसाठी गळा दिला तोही याच खाँसाहेबांनी. म्हणजे विचार करा: एका बाजूला केसाएवढा फरक घासणारे शिकलगारांचे वंशज, दुसऱ्या बाजूला केसाएवढा फरक ऐकणारा गवई, आणि दोघांमध्ये चालत जाण्याइतकं अंतर! वाद्य गाण्याला घडवतं आणि गाणं वाद्याला, हे नुसतं म्हणायला सोपं आहे. मिरजेत ते रोज घडत होतं.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला निघालेले खाँसाहेब अस्वस्थ वाटू लागल्यानं सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकात उतरले. फलाटावर बिछाना घातला, तंबोरा जुळवून घेतला, ईश्वराचं स्मरण गाऊन केलं आणि तिथेच प्राण सोडला. देह मिरजेला आणला. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे.

दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मृतीची संगीत सभा भरते. आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली, जिथे खाँसाहेब स्वतः गाण्याची सेवा करत, तिथे रात्रभर गाणं चालतं. हिराबाई इथे गायल्या, गंगूबाई हनगल गायल्या, भीमसेन जोशी गायले. भीमसेनांचं प्रकरण तर आणखी विलक्षण. लहानपणी त्यांनी खाँसाहेबांची वसंत आणि झिंझोटीची रेकॉर्ड ऐकली आणि असं गाता आलं पाहिजे या वेडानं घर सोडलं. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व त्यांना गुरू लाभले. या उरुसाची सुरुवात होते तीही पाहण्यासारखी: मीरासाहेबांना पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाकडून चढतो, मग बाकीचे. आणि दर्ग्यात जसा उरूस, तसं मिरजेच्या अंबाबाईच्या देवळात नवरात्र. तिथेही नऊ दिवस गाणं. पीर आणि देवी, दोघांच्या दारात तेच तंबोरे, त्याच गल्लीतले.

आज तंबोऱ्याचा आवाज मोबाइलमध्येही मिळतो. त्याआधी पेटीसारखा इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला होता. रियाजाला ही साधनं सोयीची आहेत, प्रवासात तर फारच, आणि ज्यांना खरा तंबोरा परवडत नाही अशा हजारो मुलांना त्यांनी सूर धरायला शिकवलं आहे. पण खऱ्या जवारीची एक खोड त्यांना नाही, आणि त्या खोडीवरच मिरजेची गल्ली उभी आहे: खरी जवारी झिजते. तार घोडीवर अब्जावधी टिचक्या मारते आणि हळूहळू त्या उतारात बारीक खाच पाडते. खाच पडली की तार पुन्हा एका जागी अडकते, गंधार मंद होतो, नाद चपटा लागतो. मग तारा उतरवायच्या, घोडी कानशीनं पुन्हा घासायची, तारा चढवायच्या, ऐकायचं, पुन्हा उतरवायच्या. एका तंबोऱ्याला अख्खा दिवस सहज जातो. मैफलींचा हंगाम जवळ आला की तंबोरे मिरजेला येतात, नाहीतर कारागीर आपल्या कानशी पिशवीत घालून पुण्या-मुंबईला जातात.

त्यातही सगळ्यांना एकच जवारी चालत नाही. कुणाला खुली हवी, झंकार भरपूर असलेली. कुणाला गोल, जरा बंद, शांत. काळी एकसाठी काढलेला उतार काळी चारला कामाचा नाही, कारण तारेची जाडी बदलली, ताण बदलला, की ती घोडीवर निजण्याची रीतही बदलते. म्हणून तंबोरा घेऊन आलेल्या गवयाला मिरजेचा कारागीर नाव-गाव विचारायच्या आधी पट्टी विचारतो.